एरिनीज हरल्या नव्हत्या : ‘सुडाकडून न्यायाकडे’ या लाडक्या शिडीविरुद्ध एक लांब धागा

१/
दर काही आठवड्यांनी एक चित्र समाजमाध्यमांवर फिरत येते. विल्यम बूगरो या फ्रेंच चित्रकाराने ते १८६२ साली रंगवले. कानांवर हात घट्ट दाबून धरलेला ओरेस्टीस, आणि त्याला घेरून किंचाळणाऱ्या, केसांत साप असलेल्या तीन स्त्रिया. चित्राखालची ओळ ठरलेली असते : या ग्रीकांच्या सूडदेवता, यांचा पराभव झाला आणि मानवजातीला न्यायालय मिळाले. ही ओळ चुकीची आहे. ती तपशिलात चुकते आणि वृत्तीतही चुकते, हे या धाग्यात दाखवायचे आहे.

२/
त्या चित्रात आणखी एक स्त्री आहे. तिच्या छातीत खंजीर रुतलेला आहे आणि तिचा देह त्या देवतांनीच सावरून धरला आहे. ती ओरेस्टीसची आई, क्लायटेम्नेस्ट्रा. चित्रकाराने तिला वगळले नाही. चित्राखालची ओळ लिहिणारे मात्र बहुधा वगळतात. पुढचे सर्व वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे, की या कथेत एक मृतदेह आहे आणि त्याच्यासाठी दाद मागणारे कोणी तरी आहे.

३/
कथा थोडक्यात. ट्रॉयच्या मोहिमेला अनुकूल वारा मिळावा म्हणून राजा अगामेम्नॉन आपल्याच मुलीचा, इफिजेनियाचा, बळी देतो. दहा वर्षांनी तो विजयी होऊन परततो तेव्हा पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा त्याला ठार करते. मुलगा ओरेस्टीस अपोलोच्या आज्ञेवरून आईला ठार करतो. आईच्या रक्तासाठी एरिनीज त्याचा पाठलाग करतात, अथेन्समध्ये अथीना खटला उभा करते आणि ओरेस्टीस सुटतो. एस्किलसची ही ‘ओरेस्टिया’ नाट्यत्रयी इ.स.पू. ४५८ मध्ये डायोनिससच्या उत्सवात सादर झाली व पहिल्या पारितोषिकाची मानकरी ठरली.

४/
हिचा रूढ अर्थ असा : पहिल्या दोन नाटकांत रानटी सूड, तिसऱ्यात सुसंस्कृत न्याय, खाली अंधार, वर उजेड, मध्ये शिडी. पदवीच्या परीक्षेत मीही हेच लिहिले होते आणि त्याचे गुणही मिळाले होते. पुढे तीनही नाटके सलग वाचली, मग अथेन्सचे खून-कायदे वाचले, आणि ती शिडी एकेका पायरीने निखळत गेली. म्हणून तीन प्रश्न क्रमाने घेऊ. या देवता नेमक्या कोण? अथेन्सच्या न्यायालयाने त्यांना खरोखर बाहेर काढले का? आणि खुद्द नाटक काय सांगते?

५/
पहिला प्रश्न. हेसिअडच्या ‘थिऑगनी’त क्रोनस आपल्या बापाला, उरेनसला, विळ्याने छाटतो. रक्ताचे थेंब धरतीवर पडतात आणि त्यांतून एरिनीज जन्मतात. म्हणजे झ्यूस जन्मायच्याही आधीच्या, मुलाने बापावर केलेल्या पहिल्या घावातून आलेल्या या देवता. त्याच हेसिअडच्या दुसऱ्या काव्यात त्या शपथेच्या, म्हणजे होर्कसच्या, जन्मावेळी सुइणींसारख्या हजर असतात. शपथ आणि एरिनीज यांचे हे नाते विसरू नये. पुढे न्यायालयात ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

६/
आता होमर. ‘इलियड’मध्ये अगामेम्नॉन शपथ घेताना एरिनीजना साक्षी ठेवतो, कारण खोटी शपथ घेणाऱ्याला त्या पाताळात शासन करतात. आईबापांचा शाप त्या ऐकतात. वडीलधाऱ्या भावाचा मान मोडू पाहणाऱ्या पोसायडनला बजावले जाते, की एरिनीज थोरल्यांच्या पाठीशी उभ्या असतात. ‘ओडिसी’मध्ये भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसिअस, स्वतःवर पाट फेकून मारणाऱ्या उन्मत्त अँटिनोअसला उद्देशून, भिकाऱ्यांच्याही एरिनीज असतील तर, असे म्हणून शाप देतो. भिकारी, म्हातारा बाप, फसवला गेलेला माणूस : ज्यांच्या हातात तलवार नाही त्यांचा हा कैवार आहे.

७/
त्यांचा अधिकार माणसांपुरता मर्यादित नाही. ‘इलियड’मध्ये अकिलीसचा घोडा क्षणभर माणसासारखा बोलू लागतो आणि त्याची वाचा बंद करतात त्या एरिनीज. इथे सुडाचा काय संबंध? कोणी कोणाला मारलेले नाही. घोड्याने बोलणे ही मर्यादा ओलांडणे आहे, एवढेच. तत्त्वज्ञ हेराक्लिटस तर सांगतो, की सूर्यदेखील आपले माप ओलांडणार नाही. ओलांडलेच, तर दिकेच्या सेविका एरिनीज त्याला गाठतील. दिके म्हणजे न्याय, झ्यूस आणि थेमिस यांची कन्या. एस्किलसच्या थोडे आधी होऊन गेलेला हा विचारवंत एरिनीजना न्यायाच्या विरुद्ध बाजूला उभे करत नाही. तो त्यांना न्यायाच्या सेवेत पाहतो.

८/
त्या किती जुन्या? क्रीटमधील नोसॉसच्या मातीच्या पाट्यांवर, लिनिअर बी लिपीत, देवतांना अर्पण केलेल्या तेलाच्या नोंदी आहेत. त्यांत एरिनिसचे नाव येते, तेही एकवचनात. या पाट्या एस्किलसच्या निदान सातशे वर्षे आधीच्या. याउलट ज्या ‘तीन बहिणी’ आपल्याला पाठ असतात, त्या अलेक्टो, मेगीरा आणि टिसिफोनी ही नावे होमर, हेसिअड वा एस्किलस यांपैकी कोणीही देत नाही. रोमन कवी व्हर्जिलपर्यंत आल्यावर ती ठसठशीत दिसतात. केसांतले सापही एस्किलसनेच प्रथम दाखवले, असे प्रवासी लेखक पॉसेनिअस इ.स. दुसऱ्या शतकात नोंदवतो. अथेन्समधल्या त्यांच्या मंदिरातील मूर्तींत भयंकर असे काही नव्हते, हेही तोच सांगतो.

९/
तेव्हा ‘सूडदेवता’ हे मराठी नाव आपण जपून वापरावे. सूड हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे व्यक्तीचा राग येतो. एरिनीज रागावतात खऱ्या, परंतु त्या ज्यावर रागावतात ते असते मोडलेले बंधन : रक्ताचे, शपथेचे, आतिथ्याचे, वयाच्या मानाचे. मर्यादेच्या राखणदार असे त्यांना म्हटले तर चुकणार नाही. राखणदाराच्या हातात काठी असते म्हणून तो दरोडेखोर ठरत नाही.

१०/
हीच गल्लत नेमेसिसबाबत होते. इंग्रजीतून आलेल्या अर्थाने आपण तिला ‘हाडवैरी’ करून टाकले आहे. ग्रीक भाषेत ‘नेमेइन’ म्हणजे वाटून देणे, ज्याचा वाटा त्याला देणे. या क्रियापदापासून नेमेसिस हा शब्द आला, आणि त्याच मुळापासून आला ‘नोमॉस’, म्हणजे कायदा. हेसिअड म्हणतो, की लोहयुगाच्या शेवटी लाज आणि नेमेसिस या दोघी शुभ्र वस्त्रे पांघरून माणसांना सोडून जातील आणि मग दुष्टपणाला औषध उरणार नाही. ज्या देवीच्या जाण्याने जग बिघडते, ती सुडाची देवी कशी?

११/
दगडांची साक्षही पाहा. अ‍ॅटिकाच्या ईशान्य किनाऱ्यावर रॅम्नूस नावाचे ठिकाण आहे. तिथे नेमेसिसचे संगमरवरी मंदिर होते आणि आत फिडिअसचा शिष्य अगोराक्रिटस याने घडवलेली तिची मूर्ती. मूर्तीच्या हातात खड्ग नव्हते. एका हातात सफरचंदाची फांदी आणि दुसऱ्या हातात अर्घ्यपात्र होते. शेजारच्या लहान मंदिरात थेमिसची मूर्ती सापडली. ती आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्याच लहान मंदिरापाशी भक्ताने अर्पण केलेली दोन संगमरवरी आसने मिळाली : एक थेमिसचे, एक नेमेसिसचे. धर्मव्यवस्था आणि तिच्या उल्लंघनाचे प्रायश्चित्त यांना ग्रीकांनी शेजारी शेजारी बसवले होते.

१२/
दुसरा प्रश्न : अथेन्सच्या न्यायसंस्थेने एरिनीजना हद्दपार केले का? अरिओपागस ही अथेन्समधील खडकाळ टेकडी. खुनाचे खटले चालवणारी परिषद तिच्याच नावाने ओळखली जाई. टेकडीच्या कुशीत ‘सेम्नाय थेआय’, म्हणजे पूज्य देवता, यांचे स्थान होते. अथेन्सवासी एरिनीजना याच आदरार्थी नावाने ओळखू लागले. न्यायालय आणि या देवतांचे ठाणे एकाच टेकडीवर. ही कवीची कल्पना नव्हे. या देवस्थानाशी जोडलेली एक रक्तरंजित घटना खऱ्या इतिहासात नोंदलेली आहे.

१३/
इ.स.पू. ६३० च्या सुमारास कायलॉन नावाच्या उमरावाने अथेन्सचा किल्ला बळकावून हुकूमशहा होण्याचा प्रयत्न केला. तो फसला. त्याचे साथीदार अथीनाच्या वेदीपाशी शरण बसले. जीवदान देतो असे सांगून अधिकाऱ्यांनी त्यांना उठवले आणि मारले. थ्यूसिडिडीस सांगतो, की वाटेत सेम्नाय देवतांच्या वेदींना बिलगलेल्यांनाही सोडले नाही. प्लुटार्कच्या मते त्या शरणागतांनी अथीनाच्या मूर्तीला बांधलेला धागा हाती धरला होता आणि नेमका या देवतांच्या स्थानापाशी तो तुटला. मारणाऱ्यांच्या कुळाला, आल्कमिऑनिडांना, शाप लागला असे मानले गेले.

१४/
हा शाप किती काळ टिकला? सुमारे दोनशे वर्षे. इ.स.पू. ४३१ मध्ये पेलोपोनेशियन युद्ध सुरू झाले. त्याच्या तोंडावर स्पार्टाने अथेन्सकडे मागणी केली, की तो शाप शहरातून काढून टाका. रोख होता पेरिक्लीसवर, कारण त्याची आई त्याच कुळातली. ‘ओरेस्टिया’ रंगमंचावर येऊन तेव्हा पाव शतक उलटले होते. एरिनीजचा काळ संपला असता, तर दोनशे वर्षांपूर्वीचे रक्त राजकारणातले हत्यार झाले असते का?

१५/
आता कायदा. इ.स.पू. ६२१ च्या सुमारास ड्रेकोने खुनाचे कायदे लिहिले. ते इ.स.पू. ४०९–४०८ मध्ये पुन्हा दगडावर कोरले गेले आणि तो झिजलेला शिलालेख आजही अथेन्समध्ये आहे. त्यात सरकारी वकील नाही. मृताच्या नातलगांनी, बाप, भाऊ, मुलगा यांपासून चुलत-मावस भावंडांपर्यंत, पुढे येऊन खटला चालवायचा. अनवधानाने मारणाऱ्याला क्षमा करायची झाली, तर निकटच्या सर्व नातलगांची संमती हवी. एकाने जरी नकार दिला तरी तो नकार चालतो. मरणाऱ्याने स्वतः प्राण सोडण्यापूर्वी क्षमा केली, तर खटलाच उभा राहत नाही.

१६/
याचा अर्थ काय होतो? अथेन्सच्या कायद्यात खून हा प्रथम मृताचा आणि त्याच्या घराचा अपमान आहे. त्यांनी मागितल्याविना न्याय हलत नाही. रक्ताची मागणी कायद्याने मोडीत काढली नाही. तिला वेळ, जागा, साक्षीपुरावा आणि पंच दिले. एरिनीजचे जे काम, मृताच्या वतीने आरोपीचा पिच्छा पुरवणे, तेच काम नातलग फिर्यादी म्हणून करतात. ‘ओरेस्टिया’तल्या खटल्यातही फिर्यादी कोण आहेत? खुद्द एरिनीज.

१७/
न्यायालयातला विधी तर अंगावर येणारा. फिर्यादी शपथ घेतो ती रानडुक्कर, मेंढा आणि बैल यांच्या कापलेल्या तुकड्यांवर उभा राहून; खोटे बोललो तर मी, माझे कुळ आणि माझे घर नष्ट होवो. पॉसेनिअसने अरिओपागसवर दोन ओबडधोबड दगड पाहिले : आरोपीने उभे राहायचा तो ‘हुब्रिस’चा, म्हणजे उन्मत्तपणाचा, फिर्यादीचा तो ‘अनायदेइया’चा, म्हणजे निष्ठुरतेचा, क्षमेला नकार देण्याचा. निर्दोष सुटलेले लोक जाऊन सेम्नाय देवतांना बळी अर्पण करीत. शिडीच्या वरच्या पायरीवर म्हणून ज्या न्यायालयाचे चित्र दाखवले जाते, ते आतून असे होते.

१८/
शब्दही साक्ष देतो. शिक्षेसाठी अथेन्सच्या न्यायालयातील वक्ते जो शब्द वारंवार वापरतात तो ‘तिमोरिया’, आणि सुडासाठीही तोच. त्याच्या पोटात ‘तिमे’, म्हणजे मान, हा शब्द दडलेला आहे. तत्त्वज्ञांनी यावर वाद घातला हे खरे : प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ संवादात शिक्षा पुढचा गुन्हा टाळण्यासाठी असावी असा विचार येतो, आणि ॲरिस्टॉटल ‘तिमोरिया’ व ‘कोलासिस’ यांत भेद करतो : पहिली घेणाऱ्याच्या समाधानासाठी, दुसरी भोगणाऱ्याच्या सुधारणेसाठी. परंतु वाद घालावा लागला, कारण रोजच्या भाषेत ती भिंत उभीच नव्हती.

१९/
तिसरा प्रश्न : नाटक काय म्हणते? आधी मते मोजू. ती समसमान पडतात आणि समान मतांचा लाभ आरोपीला मिळतो. अथीनाचे मत धरून समान की तिचे मत वगळून समान, यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे. कोणताही पक्ष घ्या : अथेन्सच्या माणसांपैकी निदान निम्म्यांनी, आणि एका अर्थाप्रमाणे बहुमताने, ओरेस्टीसला दोषी ठरवले. नव्या युगाचा दणदणीत विजय म्हणून जो साजरा होतो, तो देवीच्या एका खड्यावर तरलेला निकाल आहे.

२०/
आणि तो खडा कोणत्या युक्तिवादावर पडला? अपोलो म्हणतो, आई ही खरी जन्मदाती नव्हेच. ती पित्याच्या बीजाची दाई. पुरावा म्हणून तो अथीनाकडे बोट दाखवतो, कारण ती आईविना झ्यूसपासून जन्मली. अथीनाही त्याच कारणाने ओरेस्टीसच्या बाजूने मत देते. ज्या निकालाला आपण विवेकाचा उदय म्हणतो, त्याचा आधार एवढाच : आईचे रक्त हे रक्त नाही. इफिजेनियाचा बळी दिला तेव्हाही तिच्या आईचे दुःख असेच बिनमोलाचे ठरले होते.

२१/
प्रेक्षकांनी हे निमूटपणे मान्य केले असेल, असे समजू नका. अथेन्सच्या कायद्यात एका बापाची, पण वेगळ्या आयांची भावंडे विवाह करू शकत. एका आईच्या लेकरांना मात्र ती मुभा नव्हती. म्हणजे आईचे नाते अधिक घट्ट धरलेले होते. या नाटकानंतर सातच वर्षांनी, इ.स.पू. ४५१ मध्ये, पेरिक्लीसच्या प्रस्तावावरून नागरिकत्वासाठी बापाबरोबर आईही अथेन्सचीच असणे सक्तीचे झाले. अपोलोची मखलाशी अथेन्सच्या स्वतःच्या कायद्याला पटणारी नव्हती. एस्किलसने दुबळा युक्तिवाद विजयी पक्षाच्या तोंडी घातला, हे त्याला कळत नसेल काय?

२२/
आता या नाटकातील सर्वांत महत्त्वाची, आणि धाग्यांमध्ये हटकून गळणारी गोष्ट. खटल्याआधी एरिनीज बजावतात, की काही ठिकाणी भय हितकारकच असते. बेबंद जगणेही नको आणि हुकूमशहाखालचे जगणेही नको. थोड्या वेळाने अथीना न्यायालयाची स्थापना करताना नागरिकांना काय सांगते? बेबंदशाही नको, हुकूमशाही नको, आणि भय शहरातून पुरते हाकलून देऊ नका. तोच उपदेश, जवळजवळ त्याच शब्दांत. आपल्याकडे यासाठी अचूक शब्द आहे : वचक. न्यायालयाची स्थापना करणारी देवी एरिनीजचा वचक उचलून न्यायासनाखाली ठेवते.

२३/
त्यापुढे निकालाने संतापलेल्या एरिनीजना ती पुनःपुन्हा समजावते. हा गोडव्याचा विजय म्हणून सांगितला जातो. पण झ्यूसच्या वज्राच्या कोठाराची किल्ली मला ठाऊक आहे, हे ती मध्येच सुचवून जाते. अखेर त्यांना टेकडीखाली कायमचे घर, पूजा आणि वाटा मिळतो. तांबडी वस्त्रे लेवून त्या मशालींच्या मिरवणुकीने निघतात. अशीच वस्त्रे शहरातले परदेशी रहिवासी उत्सवात घालत. पराभूतांची अशी मिरवणूक निघत नाही. ज्यांच्याविना शहर चालणार नाही, अशांची निघते.

२४/
त्यांचा आशीर्वादही नीट ऐकावा. शहरात यादवी न माजो, नागरिकांनी एकदिलाने प्रेम करावे आणि एकदिलाने द्वेषही करावा. द्वेष नाहीसा झालेला नाही. त्याला वळण लागले आहे. हे इतके नेमके का? इ.स.पू. ४६२ च्या सुमारास एफिआल्टिस या नेत्याने अरिओपागस परिषदेचे बहुतेक राजकीय अधिकार काढून घेतले; तिच्याकडे मुख्यतः खुनाचे खटले उरले. लवकरच त्याचाच खून झाला. प्रेक्षागृहात बसलेल्यांना ही जखम ताजी होती. एस्किलस प्रागैतिहासिक सुडाची बखर सांगत नव्हता. तो कालपरवाच्या अथेन्सशी बोलत होता.

२५/
पुढच्या पिढ्यांनीही शिडी मानली नाही. युरिपिडीसच्या ‘ओरेस्टीस’ नाटकात (इ.स.पू. ४०८) म्हातारा टिंडॅरिअस विचारतो, की आईवर कायद्याने खटला का भरला नाहीस? म्हणजे तिथे कायदा खुनाच्या आधीपासूनच आहे, आणि तरी खून होतो. सोफोक्लीसचे ‘इडिपस ॲट कोलोनस’ त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये, रंगमंचावर आले. त्यात बापाला मारलेला आंधळा इडिपस अखेरचा विसावा शोधत कोठे येतो? याच देवतांच्या राईत. त्या त्याला फाडून खात नाहीत, आसरा देतात.

२६/
मग शिडी आली कोठून? बरीचशी एकोणिसाव्या शतकातून. १८६१ मध्ये योहान बाखोफेनने मातृसत्तेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या खटल्यात मातृसत्तेवर पितृसत्तेचा विजय पाहिला. पुढे एंगल्सने कुटुंबसंस्थेवरील पुस्तकाच्या १८९१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याची दखल घेतली. ग्रीसमध्ये तशी मातृसत्ता होती याला ऐतिहासिक आधार नाही, आणि तो अर्थ मीही मानत नाही. पण बाखोफेनला निदान खटल्यात आई दिसली होती. आजच्या ‘सुडाकडून न्यायाकडे’वाल्यांनी पायऱ्या तेवढ्या ठेवल्या आणि आई गाळली.

२७/
आक्षेप येईल : न्यायालयामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालणारे रक्तवैर थांबले, ही प्रगती नव्हे काय? आहे. तिऱ्हाइताने ऐकावे, दोन्ही बाजूंनी बोलावे, एक दिवस विषय संपावा, हे माणसाने मिळवलेले मोठे धन आहे आणि एस्किलस ते गातो. माझा वाद इतकाच, की त्या दिवशी हात बदलला. मागणी बदलली नाही. मागणी रानटी होती म्हणून न्यायालय आले, असे नाटकात कोठेही नाही. मागणी खरी होती आणि तिला घर नव्हते, म्हणून ते आले.

२८/
दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : एरिनीज तरी कोठे निष्पक्ष होत्या? नवऱ्याला मारणाऱ्या क्लायटेम्नेस्ट्रेचा पाठलाग त्यांनी केला नाही. नवरा-बायकोत रक्ताचे नाते नाही, असे त्यांचे उत्तर. अगदी मान्य. त्यांचा न्याय अपुरा होता. म्हणूनच त्यांना न्यायालय हवे, आणि न्यायालयाला त्या. एका बाजूला नात्याच्या पलीकडे न पाहणारी निष्ठा, दुसऱ्या बाजूला आईला दाई ठरवणारी हुशारी. दोन्ही एकमेकींविना आंधळ्या. एस्किलसने प्रश्न सोडवला नाही, दोघींना एका टेकडीवर राहायला लावले.

२९/
हा वाद मी का घालतो आहे? कारण शिडी एकदा मनात बसली, की आपण प्रत्येक जुन्या समाजाला खालच्या पायरीवर उभे करून वाचू लागतो आणि त्याचे म्हणणे ऐकायचे थांबतो. आणि दुसरे त्याहून जवळचे. ज्याचे माणूस मारले गेले त्याने निकालावर असमाधान बोलून दाखवले, की ‘तुम्हाला न्याय नको, सूड हवा’ असे त्याला ऐकवणारे लोक प्रत्येक काळात असतात. त्यांच्या तोंडी अथेन्सचा दाखला शोभत नाही. अथेन्सच्या न्यायालयात त्या माणसाला आधी बोलू देत.

३०/
क्लायटेम्नेस्ट्रा शेवटच्या नाटकात येते ती भूत म्हणून. झोपलेल्या एरिनीजना ती हलवून जागे करते. आपल्यासाठी एकही देव रागावलेला नाही, ही तिची तक्रार असते. पुढे खटला चालतो, मते पडतात, मिरवणूक निघते. ती पुन्हा दिसत नाही. बूगरोचे चित्र पुढच्या वेळी समोर आले, तर आधी साप पाहू नका. त्या देवतांनी कोणाला उचलून धरले आहे, ते पाहा. (धागा समाप्त)